ताई, त्या कंट्रोल प्लेटसाठी थँक यू

ताई,

समोर बसून हे बोलायला मला जमलं नसतं म्हणून इथे सगळ्यांसमोरच लिहितेय.

एमएस्सीच्या प्रोजेक्टला आले तेव्हा डोक्यात एवढंच होतं की पंचगंगेच्या गाळातून बॅक्टेरिया काढायचे, नावं शोधायची, कुठल्या अँटिबायोटिकला दाद देत नाहीत ते टेबलात भरायचं आणि मोकळं व्हायचं. तू म्हणालीस, नाव नंतर बघू गं, औषधाला दाद न देण्याचा हा जीन इथे आला कुठून ते आधी सांग. मला प्रश्नच कळला नव्हता.

मग घाटाच्या पायरीवर बसून तू कॉलऱ्याचं सांगितलंस. त्या जंतूचं विष बनवणारा जीन मुळात त्याचा नाहीच, एका फेजने म्हणजे बॅक्टेरियात शिरणाऱ्या व्हायरसने तो आणलेला, वॉल्डर आणि मेकॅलॅनोस यांनी हे १९९६ मध्ये दाखवलं. आणि फेज आत शिरतो तो जंतूच्या अंगावरच्या ज्या पिलसला म्हणजे केसासारख्या तंतूला धरून, तोच पिलस जंतूला आतड्यात बस्तान बसवायला लागतो! तोवर मला उत्क्रांती म्हणजे आईकडून लेकीकडे, हळूहळू, एवढंच माहीत होतं. शेजारणीकडून वाटीभर विरजण आणावं तसा जीन आणता येतो, तेही पार परक्या जातीच्या शेजारणीकडून, हे त्या पायरीवर कळलं.

आणि तो प्रयोग. गाळातले बॅक्टेरिया आणि रिफॅम्पिसिनने न मरणारा आपला ई. कोलाय रात्रभर एका फिल्टरवर एकत्र ठेवले, मग टेट्रासायक्लिन नि रिफॅम्पिसिन दोन्ही घातलेल्या प्लेटवर पसरले, सकाळी बघते तर कॉलन्याच कॉलन्या, मला वाटलं टेट्रासायक्लिनला दाद न देणारा जीन घेऊन गाळातला प्लास्मिड, म्हणजे एका बॅक्टेरियातून दुसऱ्यात जाऊ शकणारं डीएनएचं कडं, गेला ई. कोलायमध्ये! तू फक्त कंट्रोल प्लेट, म्हणजे ई. कोलाय न मिसळलेली तुलनेची प्लेट मागितलीस. नुसत्या गाळाच्या त्या प्लेटवरही तेवढ्याच कॉलन्या. म्हणजे गाळातले काही जण आधीपासूनच दोन्ही औषधं पचवत होते. सबमिशनला अकरा दिवस राहिलेले आणि खरं सांगते, ती प्लेट मी गुपचूप ऑटोक्लेव्हच्या पिशवीत टाकायला निघाले होते.

तू रागावली नाहीस. स्वतःचा थिसिस बाजूला ठेवलास, गाळातल्यांपासून वेगळा ओळखू यावा म्हणून तुझा हिरवा चमकणारा ई. कोलाय दिलास आणि प्रयोग परत करायला तीन रात्री माझ्यासोबत थांबलीस. निळ्या लाइटखाली त्या पांढुरक्या गर्दीत सात ठिपके हिरवे दिसले, तेव्हा तू माझा हात इतका घट्ट धरलास की बांगडी रुतली. डीएनए तपासायच्या जेलवर त्यांच्यातल्या प्लास्मिडचा बँड म्हणजे पट्टाही आला. नदीचं पाणी तपासताना बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजवायला बॅक्टेरियांना किती ऑक्सिजन लागतो ते, मोजून थांबू नये, हे जीनसुद्धा मोजायला हवेत, असं मी आता ठासून म्हणते ते त्या सात कॉलन्यांच्या जोरावर.

खूप खूप थँक यू ताई. पावसाळा संपला की परत सॅम्पलिंगला जातोय, सुट्टी मिळाली तर ये. तुझे गमबूट धुऊन ठेवलेत.