तापीच्या मुखाशी ऊन किती खोल जाते, हेही मोजावे

मा. केंद्रीय जलशक्ती मंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

पावसाळ्यात हतनूर धरणाचे दरवाजे उघडले की भुसावळजवळ तापी मातकट होऊन वाहू लागते. हे पाणी सारंगखेडा, प्रकाशा ओलांडून उकाईच्या जलाशयात शिरते, तेथे त्यातला बराचसा गाळ बसतो आणि उरलेले सुरतेखाली समुद्राला मिळते. खानदेशात आम्ही गाळाला धरण भरून टाकणारी ब्याद मानतो; नदीमुखात मात्र तोच गाळ उन्हातील अतिनील किरण अडवून सावली धरतो.

तेथील मासळीचे आणि कोळंबीचे अन्न शेवटी वनस्पतिप्लवकांवर, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म हरित पेशींवर उभे असते. 280 ते 315 नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील-ब किरण या पेशींच्या डीएनएला इजा करतात व प्रकाशसंश्लेषण मंदावतात. अतिनील-अ किरण सौम्य असले तरी प्रमाणाने जास्त असतात आणि अधिक खोल जातात. पेशी ही इजा दुरुस्त करतात, पण नायट्रोजनची टंचाई असल्यास ती दुरुस्ती रेंगाळते. नितळ समुद्रात हे किरण कित्येक मीटर उतरतात, तर गढूळ नदीमुखात, गाळ आणि कुजलेल्या पाल्याचा चहासारखा रंग देणारा सेंद्रिय अंश यांमुळे, ते बहुधा काही सेंटिमीटरांतच विरतात.

मात्र गाळ उपयोगी उजेडही अडवतो; शिवाय अतिनील किरण सेंद्रिय अंश फोडून अमोनियम मोकळे करतात, जे प्लवकांचे खत ठरते, आणि प्लवक खाणाऱ्या सूक्ष्म प्राण्यांनाही ते मारक असतात. म्हणूनच प्लवकांची वाढ घटेल की फोफावेल, हे कागदावर ठरवता येत नाही.

आपल्या 21 अंश अक्षांशावर मेअखेरीस सूर्य ऐन माथ्यावर येतो आणि त्याच वेळी नदीची धार सर्वांत बारीक, गाळ सर्वांत कमी असतो. खंभातच्या आखातातील भरती तळ ढवळते, त्यामुळे मुखाशी पाणी नितळच असेल असे मी म्हणणार नाही. पण नेमके तेच पाहायला हवे.

माझी विनंती अशी, की हतनूरपासून मुखापर्यंत ठरावीक ठिकाणी हरितद्रव्य व गढूळपणा यांच्यासोबत अतिनील किरणांची खोलीही मेअखेरीस आणि पुराच्या दिवसांत मोजावी, आणि महाराष्ट्र व गुजरात यांचे आकडे एकाच तक्त्यात दरवर्षी सर्वांसाठी खुले करावेत.

आपला नम्र,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक, भुसावळ