पांदणीचा अर्ज आणि शिबिराचा फोटो

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला कायद्याचे शिक्षक प्रा. माधव मेनन यांच्यावरचा लेख वाचला. बंगळुरूचे नॅशनल लॉ स्कूल, भोपाळची न्यायिक अकादमी, पद्मश्री, मरणोत्तर पद्मभूषण, सगळे रांगेने आले. दिल्ली विद्यापीठात असताना या गृहस्थांनी पोरांना वर्गातून उठवून खऱ्या पक्षकारांपुढे बसवले, ते मात्र दीड ओळीत उरकले. त्याच अंकाच्या जिल्हा पानावर एका विधी महाविद्यालयाच्या कायदेविषयक शिबिराचा फोटो. दीपप्रज्वलनाला अकरा जण, अर्जदार एकही नाही. छान!

अशा शिबिरात लिहून दिलेल्या अर्जांचे पुढे काय होते, ते जरा तहसीलमध्ये जाऊन विचारा. पांदणीचेच, म्हणजे शेतरस्त्याचेच घ्या. पेरणीच्या तोंडावर शेजारी धुरा (बांध) फोडतो, वहिवाटीचा रस्ता नांगरून टाकतो. विद्यार्थी अर्जावर ठोकून देतो ‘महसूल संहिता, कलम १४३’. अहो, ते कलम ज्याच्या वावरात जायला रस्ताच नाही त्याला बांधावरून रस्ता मिळावा म्हणून आहे. असलेला रस्ता अडवला तर मामलेदार (म्हणजे आजचे तहसीलदार) कोर्ट ॲक्ट १९०६, कलम ५. तिथे मुदत अडवल्यापासून सहा महिने. रस्ता अडला जूनमध्ये, शिबिर भरले ९ नोव्हेंबरला (विधी सेवा दिन, बॅनर तयारच असते), चुकीच्या कलमाचा अर्ज फेटाळला जानेवारीत. मुदत डिसेंबरातच गेलेली. शेतकऱ्याने आता काय करावे, हे कोणत्या प्रमुख पाहुण्यांना विचारायचे?

बरे, कलम बरोबर असले तरी अडवल्याची तारीख नसते. ‘काही महिन्यांपूर्वी’ म्हणून मोकळे. दोन्ही गटांचे सातबारे नाहीत, साक्षीदारांची यादी नाही. गावनकाशाची नक्कल भूमी अभिलेखमधून आधी काढायची असते. दुहेरी तुटक रेषा म्हणजे गाडीरस्ता, एकेरी म्हणजे पायवाट. दावा बैलबंडीच्या रस्त्याचा आणि नकाशात निघाली पायवाट, मग समोरचा वकील सोडतो होय? स्थळपाहणीच्या दिवशी तर ना विद्यार्थी, ना प्राध्यापक.

प्राध्यापकांना एका मर्यादेपलीकडे दोष देता येत नाही. पूर्णवेळ पगारी माणसाला बार कौन्सिलच्या नियमांनी वकिली करता येत नाही. पण तालुका विधी सेवा समितीकडे मोफत वकील तर मागता येतो? १९८७च्या विधी सेवा कायद्यात महसूल न्यायालयही येते, आणि अर्जदार बाई असेल किंवा अनुसूचित जाती-जमातीची असेल तर उत्पन्नाची अटही नाही. तो एक कागद शिबिरातच भरून घेतला असता तर हार-तुऱ्यांना कमी वेळ पडला असता काय?

कायद्याच्या अभ्यासक्रमात प्रात्यक्षिकाचे चार पेपर सक्तीचे आहेत. मसुदालेखनाच्या पेपरला मागच्या बॅचच्या वह्या उतरवल्या जातात, गुणही पडतात. त्याऐवजी एक खरा अर्ज घ्या, नक्कल काढण्यापासून तहसीलदारांचा आदेश प्रत्यक्ष जागेवर लागू होईपर्यंत त्याच्या मागे लागा आणि त्याचे गुण द्या. मेननांवर लिहिताना हे लिहायला हवे होते.

जाता जाता, तुमच्या बाजारभावाच्या चौकटीत तुरीचे दर दोन दिवस जुने असतात. शिबिराचे फोटो मात्र दुसऱ्याच दिवशी येतात.

– एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ