शोकाला उपासनेत जागा देणाऱ्या पाळकसाहेबांस

आदरणीय पाळकसाहेब,

प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावात सप्रेम नमस्कार.

येत्या रविवारी आपण आमच्या मंडळीतला शेवटचा उपदेश करून निवृत्त होणार आहात. निरोपाच्या गर्दीत मला जे सांगायचे आहे ते सांगून होणार नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते सर्वांसमोर लिहिण्याचे कारण एवढेच की आपल्याकडून मला जे मिळाले त्याची गरज असलेली माणसे नागपुरातल्या प्रत्येक मंडळीत मागच्या बाकांवर गप्प बसलेली असतात.

माझा धाकटा भाऊ गेला तेव्हा मे महिना होता. भेटायला येणारा प्रत्येक जण काही ना काही समजावून जात होता. कोणी देवाची इच्छा म्हणे, कोणी परीक्षा म्हणे. एका प्रार्थनासभेत तर वक्त्याने, माझ्याकडे न पाहता पण माझ्यासाठीच, असे सांगितले की विश्वासात वाढलेला माणूस शोक करीत नाही. त्या दिवसापासून मी उपासनेला येणे सोडले. देव नाही असे मला कधीच वाटले नाही, परंतु त्याच्या घरात रडायची सोय नाही असे मात्र खरोखर वाटू लागले होते.

आपण आलात त्या दुपारी कूलरच्या घरघरीखेरीज घरात आवाज नव्हता. आपण पाणी प्यालात आणि बराच वेळ काहीच बोलला नाहीत. बायबलमधील दुःखी ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहिले होते, आणि त्यांचे चुकले ते तोंड उघडल्यावर, हे आपण मला पुढे बायबल अभ्यासात शिकवलेत. पण त्या दुपारी ते आपण करून दाखवलेत. निघताना आपण माझ्या बायबलात स्तोत्र 13 समोर पेन्सिलीने एक रेघ ओढलीत आणि म्हणालात, “ताई, स्वतःचे शब्द सुचत नसतील तर हे उसने घ्या. पटो न पटो, रोज मोठ्याने वाचा.” सहा वचनांचे ते स्तोत्र आहे, आणि त्याच्या पहिल्या दोनच वचनांत स्तोत्रकर्ता परमेश्वराला चार वेळा विचारतो की हे किती काळ चालणार. मी वर्षानुवर्षे ते स्तोत्र वाचत आले होते आणि तो प्रश्न मला एकदाही ऐकू आला नव्हता.

पुढच्या वर्षी लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात, आपण ओळीने पाच रविवार विलापाच्या वचनांवर उपदेश केलात. स्तोत्रसंहितेतील दीडशे स्तोत्रांत विलापाची स्तोत्रे इतर कोणत्याही प्रकारापेक्षा अधिक आहेत, मग आपल्या रविवारच्या गाण्यांत ती इतकी थोडी का, असा प्रश्न आपण पहिल्याच रविवारी विचारलात. मंडळीला तो जड गेला, मलाही गेला.

स्तोत्र 42 वरचा उपदेश विसरणे मला शक्य नाही. देवाच्या सर्व लाटा आपल्यावरून गेल्या, असे तिथे स्तोत्रकर्ता म्हणतो. आपण आम्हाला नागपुरातले मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांची आठवण करून दिलीत, ज्यांचे नाव बहुतेक नागपूरकरांना केवळ कॉलेजमुळे ठाऊक असते. टाकळघाटजवळची प्राचीन शिळावर्तुळे पाहून बोरीकडे निघालेले हिस्लॉप 4 सप्टेंबर 1863 रोजी पावसाने फुगलेल्या ओढ्यात बुडाले, आणि त्यांच्या नावाचे कॉलेज 1883 मध्ये उभे राहिले. दुसरा कोणी असता तर त्या वीस वर्षांचा पूल बांधून, कॉलेज व्हावे म्हणूनच देवाने तो मृत्यू घडवला, असे सांगून मोकळा झाला असता. आपण तसे केले नाहीत. कॉलेजबद्दल देवाचे आभार मानावेत, परंतु त्या रात्री ज्यांच्या घरचा माणूस परतला नाही त्यांना ते कॉलेज उत्तर म्हणून देऊ नये, असे आपण सांगितलेत. माझ्या भावाच्या मृत्यूचा कोणाकोणाला कसा लाभ झाला हे मला समजावू पाहणाऱ्यांपासून त्या एका वाक्याने माझी सुटका केली.

बायबलमधील विलापगीत या पुस्तकावरच्या रविवारी मला शिक्षिका म्हणून विशेष आनंद झाला. त्या पुस्तकाचे पहिले चार अध्याय हिब्रू मुळाक्षरांच्या क्रमाने रचलेले आहेत. मुळाक्षरे बावीस, आणि तिसऱ्या अध्यायात प्रत्येक अक्षराला तीन वचने म्हणून एकूण सहासष्ट. दुःख कुठून सांगायला सुरुवात करावी हे ज्याला कळत नाही त्याने पहिल्या अक्षरापासून करावी, असा अर्थ आपण त्यातून काढलात. देवाची दया रोज सकाळी नवी होते हे आमच्या भिंतींवर टांगलेले वचन पुस्तकाच्या शेवटी नसून मधोमध आहे आणि त्यानंतरही रडणे चालूच राहते, हे मी तोवर कधी पाहिले नव्हते.

मग स्तोत्र 88 आले. त्याचा हिब्रूतील शेवटचा शब्द अंधार हा आहे. आपण उपदेश तिथेच थांबवलात, खाली बसलात, आणि गायनमंडळालाही थोडा वेळ थांबायला सांगितलेत. बाहेर आल्यावर काही वडीलधाऱ्यांनी नाराजी बोलून दाखवली की लोकांना आशेविना घरी पाठवू नये. त्यांचा हेतू चांगला होता, तरी मला वाटते ते चुकत होते, कारण आपण त्याच उपदेशात दाखवले होते की हे स्तोत्र तारण करणाऱ्या देवाला हाक मारून सुरू होते आणि एवढ्या काळोखातही स्तोत्रकर्ता देवाच्या पाठीमागे त्याच्याविषयी कुरकुर करीत नाही. जे काही आहे ते तोंडावर, त्यालाच सांगतो. गुड फ्रायडेला आपण प्रभूच्या वधस्तंभावरील सात उद्गारांतील चौथ्या उद्गारावर, “माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?” यावर बोललात. तो स्तोत्र 22 चा आरंभ आहे, म्हणजे स्वतः प्रभूनेही वधस्तंभावर शब्द उसने घेतले. त्या दिवशी मी सर्वांसमोर रडले आणि मला लाज वाटली नाही.

गुरुवारच्या बायबल अभ्यासात आपण लावलेली शिस्तही लिहून ठेवते. हे वचन मला काय सांगते, असे कोणी विचारले की आपण त्याला थांबवून आधी विचारायचात की हे कोण कोणाला बोलत आहे. मी शास्त्रपाठ घाईने वाचत असे. क्रियापदापाशी श्वास घ्यायला आपण शिकवलेत. आध्यात्मिक वाढ म्हणजे अधिकाधिक शांत आणि प्रसन्न दिसणे, ही माझी समजूत अशा लहान लहान गोष्टींनीच मोडली.

मागच्या महिन्यात आमच्या महिला मंडळातील एका भगिनीचे यजमान गेले. मी तिच्याकडे गेले, पाणी प्याले, आणि बोलायचे टाळले. निघताना तिच्या बायबलात स्तोत्र 13 समोर पेन्सिलीने रेघ ओढली. काल तिचा फोन आला होता. ती रोज वाचते, अजून पटत नाही म्हणाली. मी तिला वाचत राहायला सांगितले आहे.

आपल्या कृपापूर्ण सेवेबद्दल मी प्रभूचे आणि आपले मनःपूर्वक आभार मानते. बाईसाहेबांना सप्रेम नमस्कार.

आपली नम्र,
मंडळीतील एक भगिनी
नागपूर