अंगठे अकरा, उत्तर दोन टेबलं सोडून

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

को-वर्किंगचं (वेगवेगळी कामं करणाऱ्यांनी भाड्याने टेबल घेऊन एकत्र बसायचं ऑफिस) कौतुक हल्ली सगळीकडे वाचते म्हणून आमच्याकडची गंमत कळवते. मी बाणेरला एका को-वर्किंगमध्ये बसून ट्रान्सलेशनची कामं करते, क्लायंट बाहेरचे. जॉइन झालं की तीन ठिकाणी नाव घालतात, त्यांचं ॲप, स्लॅक (ऑफिसातल्या मेसेजचं ॲप) आणि व्हॉट्सॲप ग्रुप, का तर नेटवर्किंग. मीटिंग रूम बुक करायला ॲप झकास आहे हे मान्य, आधी त्या रूमवरून रोज भांडणं व्हायची.

पण मार्चमध्ये मला एलयूटी, म्हणजे जीएसटीवाल्यांना द्यायचं हमीपत्र, भरायचं होतं (परदेशी बिलावर आयजीएसटी न भरता काम करायचं तर ते दर आर्थिक वर्षाला नव्याने द्यावं लागतं), म्हणून स्लॅकवर विचारलं, कोणी सीए आहे का. अकरा अंगठे आले, उत्तर एकही नाही! चार दिवसांनी खाली टपरीवर कटिंग घेताना एका काकांशी बोलणं निघालं तर ते सीए, आणि बसतात माझ्यापासून दोन टेबलं सोडून. त्यांनी सगळे ग्रुप म्यूट केलेत कारण दिवसभर तिथे "पांढरी स्विफ्ट कोणाची, गाडी काढा" एवढंच चालतं, त्यांचं तरी काय चुकलं.

त्यात स्लॅक फुकटातलं, म्हणजे २०२२ पासून ९० दिवसांमागचे मेसेज दिसतच नाहीत, त्यामुळे प्रिंटर वायफायला कसा जोडायचा हा प्रश्न दर तीन महिन्यांनी नव्याने येतो.

आणि नंबरचं काय? ग्रुपमध्ये टाकलं त्याच संध्याकाळी एका मेंबरचा पॉलिसी घ्या म्हणून फोन. व्हॉट्सॲप कम्युनिटीच्या अनाउन्समेंट ग्रुपमध्ये बाकीच्यांना आपला नंबर दिसत नाही, तेवढं तरी करा असं को-वर्किंगवाल्यांना म्हटलं तर "बघतो मॅडम". बघून सहा महिने झाले.

शेवटी आम्ही दोघा-तिघांनी पॅन्ट्रीतल्या व्हाइटबोर्डवर कोण काय काम करतं ते लिहून ठेवलं. आठवड्यात नऊ नावं झाली, एकाने तर "लोगो करून देतो, बदल्यात जीएसटी समजावा" असं लिहिलं आणि काकांनी समजावलंही. मागच्या सोमवारी बोर्ड पुसलेला, विचारलं तर म्हणे हे सगळं ॲपवर टाका ना.

आम्ही परत लिहिलंय, या वेळी परमनंट मार्करने.

– एक वाचक, बाणेर, पुणे