उठायला शिकवा, उचलू नका

महोदय,

सेरेब्रल पाल्सी म्हणजे लहानपणीच मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर नीट ताबा नसणे. 6 ऑक्टोबरच्या जागतिक सेरेब्रल पाल्सी दिनाला अशा मुलांना व्हीलचेअर वाटल्याचे फोटो छापून येतात. ते मूल वर्गात उभे कसे राहणार, हा प्रश्न मात्र फिजिओथेरपिस्टवर सोपवून शाळा मोकळी होते. हालचाल ही शिकवायची गोष्ट आहे, हा विचार बुडापेस्टच्या आंद्राश पेटो यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर ‘कंडक्टिव्ह एज्युकेशन’मधून मांडला. तिथे शाळा आणि व्यायाम वेगळे नसतात; मुले गटाने, स्वतः मोठ्याने बोलत हालचाल करतात. ही पद्धत इतर उपचारांहून सरस असल्याचे सिद्ध झालेले नाही, हेही सांगायला हवे. पण मुलाने स्वतः, खऱ्या कामासाठी, पुन्हा पुन्हा करणे हा तिचा गाभा आजही टिकून आहे. नुसत्या तेलमालिशने कौशल्य येत नाही.

बसल्या जागेवरून उठणेच घ्या. सतरंजीवर पाय पसरून बसवले की मांडीमागचे आखडलेले स्नायू कंबर मागे खेचतात, पाठीला पोक येतो आणि हात तोल सावरण्यातच अडकतात. त्याऐवजी बुटके बाक द्यावे. उंची तळव्यापासून गुडघ्यामागच्या खाचेपर्यंत. सुरुवातीला चार-पाच सेंटिमीटर जास्त, जमू लागले की कमी. पाय लोंबकळता कामा नयेत. टाचा टेकलेल्या आणि गुडघ्यांच्या किंचित मागे हव्यात. धरायला समोर आडव्या पट्ट्यांच्या पाठीची जड लाकडी खुर्ची. प्लॅस्टिकची नको, ती मुलासकट कलंडते. मग मूल म्हणते, ‘मी पुढे वाकतो’, आणि नाक पायाच्या बोटांपुढे नेते. ‘मी उठतो’ म्हणत पाचपर्यंत मोजते. मोजणी मुलाच्या गतीने. घाई केली, आवाज चढवला की ताठरपणा वाढतो.

बहुतेक ठिकाणी घोळ इथेच होतो: मदतनीस काखेत हात घालून वर ओढतात. मग वजन मागे जाते, मूल चवड्यांवर येते, गुडघे एकमेकांना चिकटतात आणि ते उचलून घ्यायलाच शिकते. आधार द्यायचाच तर गुडघ्यांना समोरून.

वेगळा तास काढायची गरज नाही. प्रार्थना, हजेरी, खिचडीचे ताट घेणे, फळ्यापाशी जाणे, इतक्यात दिवसाला आठ-दहा वेळा उठणे सहज होते. एकच बाजू अधू असेल तर डब्याचे झाकण उघडण्यासारखी दोन हातांची कामे द्यावीत.

मांडी बाजूला घेताना मूल कळवळले तर मात्र सराव थांबवा. न चालणाऱ्या मुलांत खुबा सरकण्याचा धोका असतो. आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवून एक्स-रे काढून घ्यावा.

तालुक्यातल्या शाळांना मदत करणाऱ्या गट साधन केंद्राच्या विशेष शिक्षकांनी पुढच्या भेटीत नोंदवहीबरोबर मोजपट्टीही आणावी. गावातला सुतार असे बाक एका दिवसात करून देतो.

– एक विशेष शिक्षिका, सातारा