बेळगावच्या बळ्ळारी नाल्यात उतरलेल्या पोरापोरींना वडगाव शिवारातून थँक्यू

नमस्कार दादा, ताई आणि ग्रुपमधले सगळेजण,

सगळ्यांची नावं मला माहीत नाहीत, पण रविवारी सकाळी टोप्या घालून जलपर्णी काढायला नाल्यावर येता ते तुम्ही. आमच्या घरातर्फे आणि आजूबाजूच्या शेतकऱ्यांतर्फे तुमचे मनापासून आभार मानायचे होते, सुगीच्या गडबडीत राहूनच गेलं, म्हणून आता लिहालोय सगळे मिळून.

शहापूर, वडगाव, अनगोळकडं ज्याचं शेत आहे त्याला बळ्ळारी नाला काय ते सांगायला नको. पावसाआधी कोरड्या मातीत धूळवाफ पेरणी करायची, उगवण पण झकास यायची, आणि जुलैत पाऊस लागला की नाल्याचं पाणी शेतात येऊन बसायचं ते हलायचं नावच नाही, भात कुजायचं, मग रोप मागत दारोदार फिरायचं आणि परत लावणी. 2019 च्या ऑगस्टात तर शिवार कुठलं आणि नाला कुठला तेच कळत नव्हतं. त्यात ही जलपर्णी. शहराचं सांडपाणी मिळालं की दोनेक आठवड्यात दुप्पट होते, आणि पुलाखाली जाऊन अडकली की बांध घातल्यासारखंच पाणी मागं सरतं. निवेदनं देऊन देऊन आमची माणसं थकली होती.

तुम्ही वरवर ओढून काठावर टाकून गेला नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. काठावर टाकलेली पहिल्या पावसात परत नाल्यातच जाते ना. तुमच्यातली एक ताई कमरेएवढ्या घाण पाण्यात उभी राहून एकेक गड्डा मुळासकट उपटायची, काळी लांब मुळं झटकायची, त्यातल्या गोगलगायी पाण्यात सोडायची आणि मग बुट्टी वर द्यायची. वर उभे असलेले अर्धं कन्नड अर्धं मराठी बोलत ट्रॉली भरायचे, आणि ती ट्रॉली लांब खड्ड्यात रिकामी व्हायची, खत करायला. असं काम पैसे घेऊन पण कोण करत नाही ओ.

आणि झाडं लावताना तुम्ही आधी आमच्या मामंजींना विचारलंत. बांधावर सावली पडली की भात नीट भरत नाही, हे त्यांनी सांगितल्यावर खुणा केलेली जागा लगेच बदललीत. आता काठाला करंज, जांभूळ, उंबर, वाळुंज आहेत, माती धरून ठेवणारी आपल्याकडचीच झाडं. जूनमध्ये रोप लावून फोटो काढणारे भरपूर बघितलेत आम्ही, एप्रिलच्या उन्हात कॅन घेऊन पाणी घालायला येणारे तुम्हीच. मामंजी अजून रोज संध्याकाळी तिकडं चक्कर मारून येतात, गुरांनी कुठलं खाल्लं काय बघायला.

यंदा पाणी चढलं, पण उतरलं पण. बासमती आणि इंद्रायणी दोन्ही हाताला लागलं. पाणकोंबड्या पण दिसायला लागल्यात परत.

जलपर्णीचं बी चिखलात वर्षानुवर्षं टिकतं म्हणे, म्हणजे ती परत येणारच. या उन्हाळ्यात ट्रॅक्टर आमच्या गल्लीचा, डिझेल पण आमचंच, आणि घरटी एक माणूस तुमच्याबरोबर नाल्यात उतरेल, तसं ठरलंय. फक्त तारीख आधी कळवा. गमबूट घालूनच या, पुलाजवळ काचा फार आहेत. आणि जेवण आमच्याकडं, नव्या बासमतीचा भात आणि आमटी, त्याला नाही म्हणू नका.

तुमची,
वडगावची एक शेतकरी वहिनी