बाबा, पीकपाहणी करून आले

आई, बाबा,

फोनवर सांगायला घेतलं की आई मधेच "एकटी गेली होतीस का" विचारते आणि बाबांचं सगळं अर्धवट राहतं, म्हणून लिहूनच पाठवतेय. दादाला सांगा मोबाईलवर अक्षरं मोठी करून द्यायला.

तर शनिवारी जळगावहून अमळनेरला सायकलने गेलो. धरणगावचा सरळ रस्ता सोडून तापीच्या पलीकडून, विदगाव, धानोरा, अडावद, चोपडा असा वळसा घालून, सगळं मिळून शंभराच्या आसपास. एकटी नव्हते, ऑफिसातली मैत्रीण सोबत होती आणि संध्याकाळी तिचा नवरा गाडी घेऊन अमळनेरला येणार होता, त्यामुळे आई तू पुढचं निवांत वाच.

अंधारातच निघालो. विदगावच्या पुलावर बोटं अशी गारठली की गिअर बदलता येईना, मग चालतच पूल ओलांडला. पलीकडे उजाडलं आणि केळी सुरू झाली. बाबा, या थंडीने बऱ्याच बागांची निसवण, म्हणजे घड बाहेर पडणं, लांबलीय, पानं पिवळी पडलीत, एकदोन ठिकाणी बांधावर पालापाचोळा पेटवून धूर केलेला दिसला. ज्यांनी कडेला शेवरी किंवा गजराज गवत दाट लावलंय त्यांच्या बागा मात्र हिरव्यागार, पानं फाटलेली नाहीत. तुम्ही कायम हेच सांगायचे आणि लोक म्हणायचे कशाला जागा अडवायची.

धानोऱ्याच्या पुढे कटाई चालू होती तिथे थांबलो. एकजण कोयत्याने घड उतरवणार, दुसरा खांद्यावर चुंबळ ठेवून तो रस्त्यापर्यंत आणणार, मग फण्या सुट्या करून तुरटीच्या पाण्यात धुवून बॉक्समध्ये. सगळ्यांचे शर्ट चिकाने काळे. मी पाणी मागितलं तर त्यांनी बाजूला टाकलेल्या घडातल्या पिकलेल्या फण्याच हातात दिल्या. पिकलेला माल गाडीत गेला तर बाकीचाही वाटेत पिकायला लागतो ना, म्हणून तो ढोरांना नाहीतर आमच्यासारख्यांना. पैसे घ्यायचं नाव नाही. लोक सायकल चालवताना खायला महागाची एनर्जी बार घेतात, आम्ही अडावदपर्यंत केळ्यांवरच गेलो.

कापूस बघून मात्र वाईट वाटलं. बोंडं फुटून लोंबतायत आणि वेचायला बाया नाहीत, आणि बोंडअळीच्या धास्तीने फरदड, म्हणजे त्याच झाडांचा पुढचा बहार, न घेता बऱ्याच जणांनी कपाशी उपटूनच टाकलीय. त्या जागी मका नाहीतर हरभरा. दादर ज्वारी अगदी थोडी दिसली, जिथे होती तिथे कंबरेच्या वर गेलेली. एका शेतात वेचणी चालली होती, तिथून एक म्हातारी ओरडली, "कथा चालनी वं माय?" अमळनेर म्हटलं तर तिने कपाळाला हात लावला आणि शेजारणीला म्हणाली, घरमा गाडी नही का इनी? दोघी खूप हसल्या, आम्हीपण.

आता आपलं शेत. अडावदला मुद्दाम वाट वाकडी केली. हरभरा घाट्यांवर आलाय, दाट आहे, खालच्या कोपऱ्यात मर लागलीय तेवढी. विहिरीचं पाणी बरं आहे पण या आठवड्यात लाईट रात्रीची, त्यामुळे आपलं शेत बटईने, अर्ध्या वाट्यावर करणारे भाऊ पाणी द्यायला रात्रभर शेतातच असतात, मी गेले तेव्हा नुकतेच घरी जाऊन झोपले होते, तरी उठून आले. वहिनीने कळण्याची भाकरी आणि कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्याचं भरीत वाढलं. आई, लाकडी बडगीत ठेचलेलं, वर कांद्याची पात. मिक्सरवाल्या भरताला आता मी हातही लावणार नाही, दादाच्या बायकोला हे वाचून दाखवू नकोस.

भाकरी जरा जास्तच झाली. उनपदेवला जाऊन गरम पाण्यात पाय सोडून बसलो, तिथे मैत्रीण म्हणे आता इथेच राहू. पण चोपडा अजून बाकी होतं. चोपड्याला फक्त चहा आणि पुन्हा तापी ओलांडून खाली. शेवटचा टप्पा वैताग, उसाचे ट्रॅक्टर दोन दोन ट्रॉल्या जोडून, मोठ्याने गाणी लावून, मागून काय येतंय त्यांना ऐकूच जात नाही. आम्ही दर वेळी खाली उतरून थांबायचो. अमळनेरला मावशीकडे वरणबट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी तयार होती. मावशीचा गुडघा आता बराच बरा आहे, तुला फोन कर म्हणाली.

आणि बाबा, मुख्य काम. भाऊंना जूनमध्ये केळीची मृगबाग लावायचीय, टिश्यूकल्चरची रोपं आत्ताच बुक करावी लागतील म्हणतात. जुन्या ठिबकच्या नळ्या मी बघितल्या, खारींनी आणि उंदरांनी निम्म्या कुरतडून ठेवल्यात, त्या जोडत बसण्यात अर्थ नाही. नवीन नळ्यांचा खर्च निम्मा आपण द्यावा असं ते म्हणतात. मला ते रास्त वाटतं, पण मी काही कबूल केलेलं नाही, बाबांशी बोला म्हटलं. रात्री फोन करू नका, ते पाण्यावर असतात. दुपारी दोननंतर करा.

तुमची,
ताई